सरकार मध्येच पडलं तर?

प्रश्न : लोकसभा-विधानसभा एकत्र झाल्या आणि राज्यातलं सरकार दोन वर्षांत कोसळलं, तर पुढची तीन वर्षं राष्ट्रपती राजवट का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. डिसेंबर 2024 मध्ये लोकसभेत मांडलेल्या 129 व्या घटनादुरुस्ती विधेयकानुसार मध्यावधी निवडणूक होईल, पण नवी विधानसभा फक्त उरलेल्या मुदतीपुरती असेल. म्हणजे तुम्ही मत द्याल ते तीन वर्षांसाठी. माझ्या मते खरी मेख इथेच आहे : खर्च वाचवायला निघालो आणि मध्यावधीचा खर्च तर टळलाच नाही!

एकत्र मतदान आपल्याला नवं नाही. 1967 पर्यंत बहुतेक ठिकाणी तसंच होत असे. महाराष्ट्रात 1999 मध्ये विधानसभा मुदतीआधी विसर्जित करून दोन्ही निवडणुका एकत्र झाल्या. लोकसभेच्या 48 पैकी 28 जागा शिवसेना-भाजप युतीला मिळाल्या. मुख्यमंत्री मात्र काँग्रेसचे विलासराव देशमुख झाले. काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस वेगळ्या लढल्या होत्या, हे खरं. तरी एकाच दिवशी मतदार डोळे झाकून एकच बटण दाबतो (तेव्हा बहुतांशी शिक्का होता म्हणा), असं धरून चालू नका.