दाखवण्यापुरतं काही नको

चि. मीनल,


तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. तुझ्या वॉर्डात व्हेंटिलेटरवर असलेल्या आजोबांचा मुलगा 'सगळं करा' म्हणतो, मुलगी 'बाबांचे हाल थांबवा' म्हणून तुलाच गळ घालते, आणि सीनियर सांगते की हृदय थांबलंच तर सीपीआर दाखवण्यापुरता द्यायचा. हे शेवटचं अजिबात करू नकोस. द्यायचा तर पुरता द्यायचा. द्यायचा नसेल तर तसा निर्णय डॉक्टरांच्या सहीनं फाइलमध्ये हवा. नातेवाइकांसमोर नाटक करणं ही फसवणूकच.

तू मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स अरुणा शानबागांचा दाखला दिलास. १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत केईएमच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं, अंगावर बेडसोअर होऊ दिला नाही. अरुणाताईंच्या दयामरणाच्या याचिकेला या नर्सेसनी विरोध केला आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांचा शब्द मानला. मलाही त्याचा अभिमान आहे. पण अरुणाताई स्वतः श्वास घेत होत्या, तुझ्या वॉर्डातले आजोबा मशीनवर आहेत. शिवाय निष्क्रिय दयामरणाला कायद्याची वाट त्याच निकालानं करून दिली, हे आपल्या नर्सेसपैकी पुष्कळजणी विसरतात.

पुढे याच विषयावर सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आला, २०२३ मध्ये त्यातली उपचार थांबवण्याची पद्धत सोपी झाली. आता आधी उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं मंडळ, मग दुसरं मंडळ. मत शक्यतो ४८ तासांत. त्या मंडळांत नर्सला जागा नाही. (मला हे खटकतं. राउंडला येऊन जाणाऱ्याला काय दिसणार?) म्हणून तुझ्या नोंदीला मोल आहे. सक्शनच्या वेळी चेहरा आक्रसतो का, बांधलेले हात ओढतात का, कुणाचा आवाज ऐकून डोळे उघडतात, ते वेळेसकट लिही. नुसतं 'पेशंट त्रासात' लिहिलंस तर कुणी वाचणार नाही. मग इन-चार्ज सिस्टरना सांग, आणि डॉक्टरांनी दोन्ही भावंडांना एकत्र बसवून बोलावं असा आग्रह धर. मुलीला कॉरिडॉरमध्ये गाठून 'आता काही उरलं नाही' असं मात्र तू सांगायचं नाहीस.

तुझ्याबरोबर ड्यूटी करणाऱ्या मैत्रिणीच्या श्रद्धेला व्हेंटिलेटर काढणं पटत नाही, म्हणून ती निर्दय ठरत नाही. तिला हा बेड नको असेल तर ड्यूटी लागण्याआधीच बदलून मागू दे. ऐन वेळी हात वर केले तर पेशंटचे हाल होतात.

आणि उद्या व्हेंटिलेटर काढायचं ठरलंच तर तुझं काम वाढेल. तोंडाची स्वच्छता, कूस बदलणं, काही थांबत नाही. धाप कमी व्हावी म्हणून लिहून दिलेलं मॉर्फिन देताना कचरू नकोस. ऑर्डरप्रमाणे त्रास कमी करणं म्हणजे मारणं नव्हे. मशीनचे अलार्म आधीच बंद करून घे आणि मुलांना आत बसायला खुर्च्या दे, भेटीची वेळ संपली असली तरी.

इन-चार्जशी बोलणं झालं की फोन कर. नाइट असेल तर आधी झोप काढ, मग कर.

तुझी,
आत्या