माणदेश हे वाळवंट आहे काय?

आमच्या वर्गात माण तालुक्यातला एक मित्र आहे. त्याला आम्ही सारे ‘वाळवंट’ म्हणतो. गेल्या फेब्रुवारीत भूगोल विभागाची एक दिवसाची अभ्याससहल सातारा ते म्हसवड अशी ठरली, तेव्हा “टोप्या घ्या, पुसेगावला उंट मिळणार आहेत” असा विनोद करणारांत प्रस्तुत लेखकही होता. मी कऱ्हाडचा. कृष्णाकाठच्या माणसाला पाण्याविषयी विनोद सुचायला काय लागते?

सहलीआधी वक्तृत्व स्पर्धेत मी “इस्रायलने वाळवंटात नंदनवन फुलवले, मग माणदेशाला ते का जमू नये?” असा सवाल टाकून टाळ्या मिळवल्या होत्या. उत्तेजनार्थ बक्षीसही मिळाले. सर त्या वेळी काही बोलले नाहीत. मात्र सहलीच्या जर्नलसाठी त्यांनी मला विषय दिला तो नेमका हाच : नेगेव आणि माण.

सकाळी सहाला एस.टी.ची लाल गाडी सुटली. माहुलीचा पूल ओलांडून कोरेगावपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस होता आणि गाडीत गाण्याच्या भेंड्या चालू होत्या. वर्धनगडचा घाट चढून पलीकडे उतरलो तसा रंग बदलला. डोंगर उघडे, माळ मुरमाड, बाभळी विरळ. पुसेगावजवळ येरळेचे पात्र कोठे आहे ते सरांना हात करून दाखवावे लागले. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि दहिवडीला जेमतेम पाचशेच्या आसपास. ढग सह्याद्रीवर रिते होतात, मग खाली उतरणारी हवा तापते, कोरडी होते. पर्जन्यछायेचा प्रदेश ही व्याख्या आम्ही बारावीपासून पाठ म्हणत आलो. ती डोळ्यांनी पाहायला दोन तासही लागले नाहीत.

दहिवडीला माणगंगेच्या कोरड्या पात्रात बसून चहा घेतला आणि मी जर्नल उघडले. वर्षाला अडीचशे मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस तो मरुप्रदेश, असे ढोबळ माप आहे. नेगेवच्या उत्तर टोकाला बीरशेबा येथे सुमारे दोनशे, मध्यभागी अवदातजवळ शंभराच्या आसपास, दक्षिणेला एलातला पंचवीस-तीस. म्हणजे आमचा मित्र काही वाळवंट ठरत नव्हता. त्याच्या गावावर बीरशेबाच्या अडीचपट पाऊस पडतो.

मी पुढे वाचू लागलो. त्या अवदातला दोन हजार वर्षांपूर्वी नबाती लोक शेती करीत. त्यांची शेते मायकेल एव्हेनारी या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा उभी केली. युक्ती साधी होती. दरीतल्या एक हेक्टर शेतासाठी भोवतालच्या वीसेक हेक्टर टेकड्यांचे पाणी दगडी चरांनी वळवून आणायचे. टेकडीवर पडलेल्या पावसाचा सहावा-सातवा भाग वाहून आला असे धरले, तर शेताला तीनशे मिलिमीटर वरचे मिळतात. स्वतःचे शंभर धरून चारशे.

“म्हणजे एवढा खटाटोप करून त्यांना जे मिळते त्याहून जास्त तुमच्यावर आभाळातूनच पडते!” मी विजयी मुद्रेने म्हणालो.

मित्राने चहा संपवला. म्हणाला, “अरे, सरासरी पाऊस पिकाला पाजता येत नाही. आमचे पाचशे कधी येतात ते तरी विचार. जूनमध्ये दोन सरी, मग दोन महिने वारा, मग सप्टेंबरात एका रात्रीत ओढा दुथडी. आणि एखाद्या वर्षी निम्माच.”

सरांनी त्यात भर घातली. नेगेवचा पाऊस हिवाळ्यात पडतो, ऊन कमी असते, पाणी मातीत टिकते. तिथली लोएस माती भिजली की वर पापुद्रा धरते, म्हणून पाणी वाहून शेतात येते. आपल्याकडे ते मुरमावरून वाहते आणि जाताना मातीही नेते. माझ्या भाषणातले नंदनवन तर आणखी निराळे निघाले. नेगेवची आजची हिरवळ मुख्यत्वे १९६४ साली सुरू झालेल्या, गॅलिली सरोवरापासून येणाऱ्या राष्ट्रीय जलवाहिनीवर, शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर आणि आता समुद्राच्या गोड्या केलेल्या पाण्यावर उभी आहे. हात्झेरिम या किबुत्झमध्ये १९६५ साली ठिबकाचा उद्योग सुरू झाला हे खरे. पण ठिबकाला आधी थेंब लागतो. आपल्याकडे आटपाडीची डाळिंबे ठिबकवरच आहेत, आणि टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी तिकडे चढवेपर्यंत त्या बागांनी टँकरचेही पाणी प्यायले आहे.

बक्षीस परत करावे की काय असे मला वाटू लागले.

म्हसवडला सिद्धनाथाच्या देवळाजवळ भाकऱ्या सोडल्या. याच गावाच्या परिसरात २०१२-१३ च्या दुष्काळात हजारो जनावरे चारा छावणीत उभी होती. मित्राची दोन खिलार बैलंही त्यांत होती. तो तेव्हा शाळेत जाण्याआधी छावणीत जाई. हे त्याने आम्हांला तीन वर्षांत कधी सांगितले नव्हते, आणि आम्हीही कधी विचारले नव्हते. पुढे २०१७ मध्ये पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत माण-खटावची गावे उतरली तेव्हा त्याने सुट्टीत माळावर सलग समतल चर खणले. “तुझ्या त्या नबात्यांचेच काम,” तो म्हणाला, “फक्त आम्ही पाणी शेतात न्यायच्या ऐवजी जागच्या जागी मुरवतो.” हा फरक माझ्या जर्नलमध्ये नव्हता. मी तो तिथेच लिहून घेतला.

परतीच्या वाटेवर भेंड्या झाल्या नाहीत, सगळे पेंगले होते. गोंदवल्याच्या पुढे एका फाट्यावर मित्राने गाडी थांबवली. शाळू काढणीला आला होता आणि घरी आई एकटी होती. “दोन दिवस हजेरी लाव रे,” एवढे मला सांगून तो उतरला. मागच्या बाकावरून कोणी आरोळी दिली नाही.