रिपोर्टचं दुसरं पान

आमचं गाव रांधा, सिल्वासाजवळ. मोठ्या जाऊबाईंना स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा त्यांची फाईल माझ्या हातात आली. वापीहून गाडी, मग परळचं टाटा हॉस्पिटल, अशा कितीतरी खेपा झाल्या. त्यातून जे कळलं ते इथल्या बायकांसाठी लिहिते आहे.

१. न दुखणारी गाठ दुर्लक्षू नका. आवणीचे दिवस होते. चिखलाचे हातपाय धुऊन अंघोळ करताना जाऊबाईंच्या हाताला चिंचोक्याएवढी गाठ लागली, कडक, जागची न हलणारी. "दुखत नाही गं, कशाला डॉक्टर?" म्हणून त्यांनी दिवाळीपर्यंत कोणाला सांगितलं नाही. हा आजार सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्तासारखं पाणी येणं, कातडीवर संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडणं, ही लक्षणंही ओळखा. एका प्रकारात तर गाठ लागतच नाही. स्तन लाल होऊन सुजतो आणि गळू समजून औषधं चालू राहतात. औषधानं सूज उतरली नाही तर पुढची तपासणी मागा.

२. सुई आधी, सुरी नंतर. आमचं मोठं नुकसान इथे झालं. पहिल्या दवाखान्यात गाठ काढली आणि साधी वाटते म्हणून तपासायला पाठवलीच नाही. सहा महिन्यांत त्याच जागी दुसरी आली. मुंबईत क्रम उलटा होता: हातानं तपासणी, मॅमोग्राफी, सोनोग्राफी, मग जाड सुईची बायोप्सी. तरुण बाईचा स्तन दाट असतो, मॅमोग्राफीत तो पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच, म्हणून तिथे सोनोग्राफी जास्त कामाची. सुई टोचली की कॅन्सर भडकतो असं गावात सगळे सांगत होते. तसं होत नाही. मी स्वतः पाहिलं, छोट्या बाटलीत फॉर्मॅलीनमध्ये शेवयांसारखे पांढुरके चार तुकडे. पुढचे सगळे उपचार त्या तुकड्यांवर ठरले.

३. "कॅन्सर आहे" हे अर्धंच उत्तर. दूध वाहणाऱ्या नळीच्या आतच पेशी थांबल्या असतील तर तो अगदी आधीचा टप्पा. नळीची भिंत फोडून बाहेर पडलेला प्रकार सर्वांत जास्त आढळतो, दहात सात-आठ बायकांना हाच. दूध तयार करणाऱ्या ग्रंथींतला प्रकार स्पष्ट गाठ न करता पसरतो, म्हणून मॅमोग्राफीत निसटू शकतो.

४. दुसरं पान वाचून घ्या. तिथे तीन नावं असतात: इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू. पहिली दोन पॉझिटिव्ह असली तर हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या लागू पडतात. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅबचं इंजेक्शन. तिन्ही निगेटिव्ह, ज्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात, तो आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतो. त्यात या गोळ्यांचा उपयोग नाही, केमोवर भिस्त असते. जाऊबाईंच्या कागदावर हर-टूपुढे "टू प्लस" होतं. मला वाटलं, झालं निदान. डॉक्टर म्हणाले, यानं काहीच ठरत नाही, फिश नावाची तपासणी हवी. ती पॉझिटिव्ह आली आणि औषधच बदललं. तुमच्या कागदावर टू प्लस असेल तर फिश झाल्याशिवाय फाईल मिटू नका.

५. ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडल्या, स्टेज म्हणजे आजार कुठवर गेला. ग्रेड तीन ऐकून आमच्या घरी रडारड झाली. शेवटची स्टेज समजून बसलो होतो.

६. हाताच्या तपासणीला कमी लेखू नका. टाटा हॉस्पिटलनं 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्तन हातानं तपासत होत्या. 2021 मध्ये निष्कर्ष छापून आले: तिथे आजार लवकर सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. मॅमोग्राफीचं यंत्र गावात येईल तेव्हा येईल, तपासणारा हात आज मिळू शकतो. तिशी उलटली असेल तर आरोग्य केंद्रात जाऊन ही तपासणी मागा.

आणि कोणाचीही गाठ काढली, तर ती बाटली कुठे गेली ते त्याच दिवशी विचारा. तपासणीनंतर तो तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो. मोठ्या हॉस्पिटलात जाताना तो ब्लॉक मागून सोबत न्या.