बाळंतिणीच्या गोळीसाठी केमिस्टने नाव का लिहून घेतलं?

प्रश्न : माझ्या मुलीचं सिझेरियन झालं. घरी सोडताना दुखण्यावर दोन-तीन प्रकारच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यांतली ट्रामाडोलची गोळी देताना केमिस्टने चिठ्ठी पाहून मुलीचं नाव रजिस्टरमध्ये लिहून घेतलं. ही गोळी अफूच्या जातीची आहे का? मुलगी बाळाला अंगावर पाजते. गोळी द्यावी, की दुखणं सोसू द्यावं?
– एक आजी, कोथरूड, पुणे

उत्तर : केमिस्टने नियम पाळला. ट्रामाडोल, कोडीन, पेंटाझोसिन ही औषधं ‘शेड्यूल एच-१’ या यादीत आहेत. मार्च २०१४ पासून अशा औषधांसाठी डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या यांची वेगळी नोंद ठेवून ती तीन वर्षं जपावी लागते. गैरवापर वाढल्यामुळे २०१८ मध्ये ट्रामाडोल अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही आणलं गेलं. ते खसखशीच्या बोंडापासून नव्हे, कारखान्यात बनतं. पण शरीरात अफू आणि मॉर्फिन जिथे काम करतात तिथेच तेही काम करतं. म्हणून वेदना शमते, तशीच गुंगी येते, बद्धकोष्ठ होतो आणि काहींना सवय लागते.

सवयीचा धोका किती? सिझेरियन झालेल्या ८० हजारांहून अधिक स्त्रियांचा एक अभ्यास अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वी अशी औषधं न घेतलेल्या साधारण ३०० जणींमागे एक जण ती पुढेही बराच काळ घेत राहिली. प्रमाण लहान आहे, पण सिझेरियन फार होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात चारांतलं एक बाळंतपण सिझेरियनने होतं.

आता बाळाविषयी. यकृतात ट्रामाडोलचं रूपांतर अधिक तीव्र द्रव्यात होतं. काही जणींमध्ये हे जन्मतःच फार वेगाने होतं आणि दुधातून बाळाकडे जास्त अंश जाऊ शकतो. म्हणूनच अमेरिकेच्या औषध नियामकांनी एप्रिल २०१७ मध्ये अंगावर पाजणाऱ्या आईने कोडीन आणि ट्रामाडोल घेऊ नये, असा इशारा दिला. दुधात उतरणारा अंश सहसा थोडा असतो, म्हणून काही डॉक्टर अगदी थोडे दिवस, बाळावर लक्ष ठेवून ते देतातही. तुमच्या डॉक्टरांना थेट विचारा : ‘पाजणाऱ्या आईला ही गोळी लागेलच का? दुसरी चालेल का?’

बहुतेक वेळा दुसरी चालते. सिझेरियननंतरच्या दुखण्यावरील उपचाराचा पाया पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक हाच असतो. ही औषधं पाजणाऱ्या आईला चालतात. दुखणं वाढेपर्यंत न थांबता ती पहिले काही दिवस ठरल्या वेळी घेतली, तर अफूवर्गाची गोळी कित्येक जणींना लागतच नाही. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, जास्त रक्तस्राव किंवा रक्तदाब असेल तर आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅकबद्दल डॉक्टरांना आधी सांगा.

ट्रामाडोल द्यावंच लागलं, तर एवढं सांभाळा. कित्येक गोळ्यांत ट्रामाडोलसोबत पॅरासिटामॉलही असतं. मग वेगळी पॅरासिटामॉलची गोळी धरून दुप्पट मात्रा होत नाही ना, ते पाकिटावर वाचा. मुलगी नैराश्यावर किंवा फिट्सवर औषध घेत असेल तर डॉक्टरांना कळवा. अशा वेळी ट्रामाडोलने झटके येऊ शकतात. गुंगीत असताना तिने बाळाला कुशीत घेऊन झोपू नये. बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपतंय, ओढून पीत नाही, अंग सैल पडलंय असं दिसलं तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा. श्वास अडखळतोय असं वाटलं तर १०८ ला फोन करा. उरलेल्या गोळ्या आजोबांच्या गुडघ्यांसाठी कपाटात ठेवू नका. त्यांची विल्हेवाट कशी लावायची, ते केमिस्टला विचारा.

आणि ‘सोसावं का’ याचं उत्तर ठाम ‘नाही’ असं आहे. दुखऱ्या टाक्यांनी आई उठत-बसत नाही, नीट पाजू शकत नाही, खोल श्वास घेत नाही. पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोकाही वाढतो. ‘बाळंतपण म्हटलं की दुखणारच’ म्हणून तिला गप्प करू नका. आणि चार-पाच दिवसांनी दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, ताप आला किंवा टाक्यांतून पू आला, तर गोळी वाढवू नका. त्याच दिवशी तिला डॉक्टरांना दाखवा.