हाताची शीर बारीक का भरते?

'हाताच्या शिरा बारीक आहेत, फिस्टुला जमेल असे वाटत नाही,' असे डॉक्टरांनी सांगितले की किडनीच्या रुग्णाचे नातेवाईक हवालदिल होतात. साहजिकच आहे. डायलिसिससाठी मिनिटाला २५० ते ३०० मिलीलिटर रक्त यंत्रात न्यावे लागते. हाताच्या साध्या शिरेतून एवढे रक्त मिळत नाही. म्हणून मनगटाजवळ किंवा कोपरापाशी शीर शुद्ध रक्ताच्या रोहिणीला जोडतात. अमेरिकेतील ब्रेशिया, सिमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. रोहिणीच्या दाबाने शीर फुगते आणि साधारण दीड-दोन महिन्यांत सुया टोचण्याजोगी होते.

त्याआधी दंडाला रबरी पट्टा बांधून सोनोग्राफीवर शीर मोजतात. मनगटाजवळ ती निदान २ ते २.५ मिलिमीटर भरावी अशी अपेक्षा असते.

पण शीर म्हणजे लोखंडी नळ नव्हे. तिची भिंत पातळ असते. ती थंडीत, भीतीने आकसते. शरीरातले पाणी कमी झाले तरी आकसते. वातानुकूलित खोलीत किंवा डायलिसिस होताच मोजलेला आकडा म्हणूनच फसवा ठरू शकतो. हात कोमट पाण्यात धरून, खाली सोडून पुन्हा मोजण्याची विनंती जरूर करावी. मात्र शीर फुगावी म्हणून मनाने जादा पाणी पिऊ नये; किडनीच्या रुग्णास ते महागात पडते.

आता ज्याच्या त्याच्या शरीराची गोष्ट. स्त्रियांच्या आणि लहान चणीच्या माणसांच्या शिरा साधारणपणे बारीक असतात. लठ्ठ हातावर शीर दिसत नाही, म्हणून ती नाहीच असे समजतात. सोनोग्राफीत चरबीखाली चांगली शीर सापडते. विडी-सिगारेटने रक्तवाहिन्या आकसतात. उलट कुदळ मारणाऱ्या, धारा काढणाऱ्या हातांच्या शिरा टपोऱ्या दिसतात, कारण राबणाऱ्या स्नायूंकडे रक्ताचा ओघ वाढतो. रबरी चेंडू रोज दाबण्याचा व्यायाम सांगतात तो याचसाठी. काही आठवड्यांत शिरेचा व्यास वाढल्याचे सोनोग्राफीने मोजून पाहिलेले आहे.

उंची किंवा वय काही आपल्या हाती नाही. सुई मात्र आहे. आपल्याकडे जरा अशक्तपणा आला की 'एक सलाईन लावा' म्हणून रुग्णच हट्ट धरतो! वारंवार टोचलेली शीर सुजते, तिच्यात रक्त गोठते आणि ती दोरीसारखी कडक होते. अशी शीर चेंडू दाबून मोकळी होत नाही. म्हणून क्रिएटिनिन वाढल्याचे कळल्यापासूनच, डायलिसिसचे नावही निघाले नसताना, कमी वापराचा हात (बहुधा डावा) राखून ठेवावा. रक्त तपासायला द्यायचे तर दुसऱ्या हाताच्या पंज्यामागची शीर पुढे करावी, आणि हे कंपाउंडरला, नर्सबाईंना स्पष्ट सांगावे. जिवावरचा प्रसंग असेल तेव्हा अर्थातच वाद घालू नये.

फिस्टुला झाल्यावर त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा नको, घट्ट बांगड्या नकोत, उशाला तो हात नको. रोज सकाळी जोडावर बोटे ठेवून थरथर लागते का ते पाहावे. ती थांबली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.