अपंग मुसाफिर आणि लॉजमालकाची जबाबदारी

कापडाच्या धंद्यात मुसाफिरी कोणाला चुकत नाही. सुरत, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी असे फिरताना महिन्याच्या कितीतरी रात्री लॉजवर जातात. काही वर्षांपूर्वी माझे थोरले बंधू माझ्यासोबत खरेदीला आले होते. लहानपणीच्या पोलिओमुळे त्यांच्या डाव्या पायाला कॅलिपर असते. त्यांनी काउंटरवर तळमजल्याची खोली मागितली, मिळाली दुसऱ्या मजल्याची. पहाटे न्हाणीघराच्या गुळगुळीत फरशीवर ते घसरले. धरायला दांडी नव्हती, हाक मारायला घंटी नव्हती. खुब्याचे हाड मोडले आणि चार महिने दुकान बंद राहिले. मालक ओळखीचा, स्वभावानेही वाईट नव्हता. पण शेवटपर्यंत तो एकच सांगत राहिला, "शेठ, पाटी लावली आहे ना? मुसाफिरांनी आपल्या जबाबदारीवर राहावे."

आपल्या कितीतरी बांधवांची लॉज, हॉटेले व खानावळी आहेत. पाटी लावली म्हणजे सुटका झाली, ही त्यांची समजूत चुकीची आहे. म्हणून हा विषय समजून घेऊ.

काळजी कोणाच्या मापाने?

भाडे घेऊन लोकांना जागेत बोलावणाऱ्याने त्यांच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी घेतली पाहिजे, हे कायद्याचे मूळ तत्त्व आहे. प्रश्न असा की, ही काळजी धडधाकट माणसाच्या मापाने घ्यायची की अपंगाच्या?

याचे उत्तर लंडनच्या एका खटल्यात मिळते. वीज मंडळाच्या मजुरांनी फुटपाथवर चर खणला आणि अडसर म्हणून एक लांब दांड्याचे अवजार तिरपे ठेवले. डोळस माणसाला तेवढे पुरेसे होते. परंतु काठीने वाट चाचपत जाणाऱ्या एका अंध गृहस्थाला ते लागले नाही. तो पडला आणि बहिरा झाला. १९६४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की, शहरात अंध माणसे एकटी फिरतात हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून त्यांचाही विचार करूनच बंदोबस्त केला पाहिजे. निष्काळजीपणाच्या दाव्यांत आपली न्यायालयेही अशा निकालांना वजन देतात. आपल्या लॉजमध्ये म्हातारे, अंध, कुबडीवाले येणारच. शिवाय मुसाफिराने काउंटरवर अडचण सांगितली असेल, तर "मला माहीत नव्हते" ही सबबही उरत नाही.

पाटीची किंमत

दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलमधून १९९८ साली एका पाहुण्याची मोटार चोरीला गेली. मोटार मालकाच्या जोखमीवर आहे, असे पावतीवर छापलेले होते. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हॉटेलच्या ताब्यात दिलेल्या गाडीबाबत स्वतःचा निष्काळजीपणा अशा छापील मजकुराआड लपवता येत नाही. हा खटला मोटारीचा होता. माणसाच्या हाडामासाची किंमत मोटारीपेक्षा कमी धरली जाईल, असे कोणी समजू नये.

दिल्लीच्याच एका पंचतारांकित हॉटेलच्या तलावात १९७२ साली एका जर्मन वैमानिकाने सूर मारला. डोके तळाला आपटून तो कायमचा लुळा झाला. १९९७ साली दिल्ली उच्च न्यायालयाने पन्नास लाख रुपये भरपाई ठरवली आणि जितके भाडे मोठे तितकी जबाबदारी मोठी, असे म्हटले. पुढे अपिलात हा निकाल टिकला नाही. कारण दावा चालू असतानाच फिर्यादी वारला होता. परंतु दावा लागला म्हणजे हॉटेलला किती वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे यावरून दिसते.

आजचा कायदा

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ सालचा आहे. लोकांना सेवा देणाऱ्या खाजगी धंद्यांनाही तो लागू आहे. नियम मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत, पुन्हा मोडल्यास पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंड आहे. "अपंगाला खोलीच देऊ नका" ही पळवाटही चालणार नाही, कारण अपंगत्वावरून भेदभाव करण्यास याच कायद्यात मनाई आहे. शिवाय सेवेतील त्रुटीबद्दल मुसाफिर ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. त्याची मुदत साधारणपणे दोन वर्षांची आहे.

याचा अर्थ प्रत्येक पडझडीचे पैसे मालकानेच द्यायचे, असा नाही. मालकाने वाजवी काळजी घेतली असेल तर तो सुटतो. मुसाफिराचीही चूक असेल तर निष्काळजीपणाच्या दाव्यात भरपाई त्या प्रमाणात घटते.

काय करावे?

१. तळमजल्याची निदान एक खोली अपंगांसाठी राखावी. दरवाजा ९०० मिलिमीटर मोकळा असावा आणि आत चाकाची खुर्ची वळायला १,५०० मिलिमीटर व्यासाची जागा असावी.

२. उताराचे प्रमाण एकास बारा ठेवावे. सहा इंच पायरीला सहा फूट उतार लागतो. याहून उभा उतार धोक्याचा असतो.

३. न्हाणीघरात खरबरीत फरशी, भिंतीला पक्की दांडी आणि पडलेल्या माणसाचा हात पोहोचेल अशी घंटी असावी.

४. "आपल्याला काही मदत लागेल का?" असे काउंटरवर अदबीने विचारावे आणि उत्तर रजिस्टरमध्ये लिहावे. आग लागली तर बहिऱ्या मुसाफिराला दारावरची थाप ऐकू येणार नाही. त्याला कोणी उठवायचे, हे नोकरांना आधीच सांगून ठेवावे.

५. पब्लिक लायबिलिटी विमा उतरवावा. अपघात झाल्यास आधी मुसाफिराला दवाखान्यात न्यावे, मग विमा कंपनीला ताबडतोब लेखी कळवावे.

दांडी, घंटी व फरशीचा खर्च काही हजारांत भागतो. त्या पहाटे तेवढे असते, तर माझे बंधू आज काठीशिवाय दुकानाची पायरी चढले असते. आणि त्या मालकाला आमच्यासमोर मान खाली घालून बसावे लागले नसते.