हळवे पोट

तात्यांचे पोट सारखे बिघडे. जेवले की पोट फुगे, गुरगुरे. कळ आली की शौचाला धावावे लागे. तात्यांनी बाजार सोडला. लग्नाची पंगत सोडली. कोणी म्हणे, "नजर लागली." कोणी म्हणे, "उपास करा."

शेवटी तात्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी रक्त तपासले, शौच तपासले. मग ते म्हणाले, "तात्या, आतड्यात जखम नाही. जंत नाहीत. तुमचे आतडे हळवे आहे. हा आजार जिवावरचा नाही. पण खाणे निवडून खाल्ले पाहिजे."

"म्हणजे जेवण सोडू का, डॉक्टर?"

"छे! जेवण सोडू नका. आधी कारण ऐका. फळांत आणि मधात एक साखर असते. तिचे नाव फ्रुक्टोज. काहींच्या लहान आतड्यात ती सगळी शोषली जात नाही. उरलेली साखर मोठ्या आतड्यात जाते. तिथले जंतू तिला आंबवतात. आंबवलेले पीठ रात्रीत फुगते ना? तसे पोट फुगते. ही साखर पाणीही ओढते. मग जुलाब होतात. कांदा, लसूण आणि गहू यांत याच साखरेच्या साखळ्या असतात. त्याही हळव्या पोटाला बाधतात."

"मग खाऊ तरी काय?"

"भात खा. ज्वारीची भाकरी खा. संत्रे, पपई, घट्ट केळे खा, पण बेताने. भाजीला जिरे-आल्याची फोडणी द्या. आंबा, कलिंगड, सफरचंद, मध, कांदा, लसूण आणि गहू चार आठवडे बंद ठेवा. बरे वाटले की एकेक जिन्नस परत खाऊन पाहा. एका वेळी एकच. आज थोडा, उद्या जास्त. जो बाधेल तो कमी करा. बाकीचे खुशाल खा."

तात्यांनी तसेच केले. कलिंगड बाधले. कांदा बाधला. पण आंब्याची एक फोड पचली! गव्हाची एक पोळीही पचली. तात्या आता पंगतीला बसतात.

लक्षात ठेवा
शौचात रक्त पडते, वजन घटते, ताप येतो, रात्री जुलाबाने जाग येते, तर घरी प्रयोग करू नका. लगेच डॉक्टरांकडे जा. लहान मुलांचे खाणे डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडू नका.

प्रश्न
१. तात्यांचे पोट का फुगत असे?
२. एका वेळी एकच जिन्नस का खाऊन पाहावा?
३. डॉक्टरांकडे लगेच केव्हा जावे?